लॅचचं दार

तमाम जनतेस जाहीर करण्यात येते की, ऐंशीच्या दशकात, मुलुंडच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या सकाळी दार ओढून घेणारी व्यक्ती मीच. आई आजही वाऱ्याला दोष देते. वारा निर्दोष आहे.

मी सात वर्षांची होते. बाबा कारखान्यात फिटरचे सुपरवायझर झाले आणि आम्ही परळच्या चाळीतून थेट ब्लॉकमध्ये आलो. चाळीत ओढलेलं दार ढकललं की उघडायचं. या दाराला लॅच होता. बाबांनी आईला ताकीद दिली होती, “इथं चाळीसारखं ओरडायचं नाही. सगळे साहेबलोक राहतात.”

बाबा पहिल्या पाळीला गेलेले. आई दाराबाहेर रांगोळी काढत होती. ती बघायला मी बाहेर आले आणि शहाण्या मुलीसारखं दार ओढलं. खट्!

आत गॅसवर दूध. पाळण्यात चार महिन्यांचा भाऊ. किल्ली आत, खिळ्याला.

आईने दार ढकललं. पुन्हा ढकललं. “कोणी ओढलं गो?”

“वाऱ्याने,” मी म्हणाले.

समोर टाय लावून, ब्रीफकेस घेऊन कामाला जाणारे साहेब राहायचे. आईने त्यांची बेल हळूच दाबली, त्रास नको म्हणून. दाराच्या भोकाला आतून कुणीतरी डोळा लावला. दार काही उघडलं नाही.

मग उतू गेलेल्या दुधाचा वास आला. त्यामागून तो दुसरा वास, ज्याबद्दल गॅसवाल्याने आईला दोनदा बजावलं होतं. ज्योत विझली होती, गॅस चालूच होता. आत भाऊ रडायला लागला. रडता रडता एकदम गप्प झाला.

आणि आईने चाळीतली हाक मारली, “धावा रे धावा! माझो झील आत आसा!”

समोरचं दार धाडकन उघडलं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, एका गालाला साबण, असे साहेब! त्यांनी लॅचकडे एकदा पाहिलं, आत पळाले आणि ब्रीफकेस घेऊन आले. आता हे अर्ज लिहितात की काय? पण ती त्यांनी फरशीवरच उघडली. वर बाबा कारखान्यात घालायचे तसाच, तेलाचे डाग पडलेला निळा डगला. खाली पाना, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर. फटीत स्क्रू ड्रायव्हर, हातोडीचे चार ठोके, आणि दार उघडलं.

नाक दाबून साहेब आत घुसले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. आईने भावाला उचलून बाहेर आणलं. मान लुळी. मी डोळे मिटून घेतले. मग तो आईच्या खांद्यावर ओकला आणि त्याने असं भोकाड पसरलं की बस्स! तेवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

डोळे उघडले तर जिना भरलेला. वरखालचे सगळे साहेब, कुणाच्या हातात पक्कड, कुणाच्या हातात करवत. आई समोरच्या साहेबांच्या पाया पडायला वाकली, तेवढ्यात त्यांची बायको दारात आली. तिने भाऊ पाहिला नाही, आई पाहिली नाही. फरशीवरचा निळा डगला पाहिला आणि किंचाळली,

“अहो, आधी ती बॅग मिटा! सगळे बघतायत!”