फुकटचा वजीर

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः मात्र पाच मजले जिन्याने चढतो, हे पाहूनच आम्ही शेजाऱ्यांनी त्याची जातकुळी ओळखायला हवी होती. पण त्याचं ‘किल्लेदार’ हे नाव पडलं ते बुद्धिबळामुळे. तरुणपणी कंपनीच्या स्पर्धेत गडी वजीर घेऊन साहेबांवर धावून गेला आणि नवव्या चालीत मात खाऊन बसला. अख्खा हॉल हसला. तेव्हापासून आधी किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात, मग प्याद्यांची भिंत, मग समोरच्याच्या जांभया. हरणं बंद झालं, जिंकणंही. बायको म्हणायची, “यांनी मला मागणीसुद्धा घातली नाही, मीच कंटाळून हो म्हटलं.” ती गेल्यावर उरली समोरच्या खोलीतली त्याची थोरली बहीण, ताई.

त्या दिवशी ताईची मुलगी तिला कायमची घेऊन जायला येणार होती. बॅगा दाराशी आल्या होत्या. ताईने पट मांडला. “शेवटचा डाव. लहानपणीची अट. जिंकेल त्याचं दुसऱ्याने ऐकायचं. मी कधी शब्द मोडला नाही, ठाऊक आहे ना?”

काय मागायचं ते किल्लेदाराने महिनाभर घोकलं होतं. चारच शब्द : ताई, तू जाऊ नकोस.

विसाव्या चालीला ताईने वजीर उचलला आणि त्याच्या हत्तीच्या पुढ्यात आणून ठेवला. राखायला कुणी नाही. आंधळ्यानेही मारला असता. किल्लेदाराने चष्मा पुसला. ताई आणि फुकट काही देईल? बाजारात कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त घेणारी बाई! त्याने उंट बघितले, घोडे बघितले, सापळा कुठे सापडेना. सापडत नाही म्हणजे फारच खोल असणार.

“नीट बघ रे,” ताई म्हणाली.

“बघतोय.”

“घाई नाही. पण बघ.”

त्याचा हात हत्तीपर्यंत गेला आणि राजाला कोपऱ्यात सरकवून परत आला.

ताईने डोळे मिटले. वजीर मागे घेतला. मग दोघांनी तीच तीच चाल तीनदा केली. डाव बरोबरीत सुटला.

“दिला होता रे तुला,” ती म्हणाली.

“मला वाटलं, सापळा असेल.”

“भावासाठी सापळा? शहाणाच आहेस!” ती हसायला गेली, जमलं नाही. खाली गाडीचा भोंगा वाजला. “मरू दे तो डाव. काय मागणार होतास? आता माग.”

चार शब्द घशापर्यंत आले. नाही म्हणाली तर? मुलगी रागावली तर? उद्या इथे ताईला काही झालं तर? त्याने खाली पाहिलं.

“काही नाही गं. ती मोठी बॅग जड आहे, मी उचलतो.”

ताईने पट मिटला आणि ती त्याच्या पुढे जिना उतरायला लागली.