डिसेंबरला दाखवू

"आय ॲम अफ्रेड इट इज कॅन्सर," हॉस्पिटलातले कन्सल्टंट म्हणाले. मग त्यांनी विचारलं, शौचातून रक्त कधीपासून जातंय? मी म्हटलं, पाच महिने. त्यांनी ते लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आदल्या आठवड्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करतात ती तपासणी, झाली होती. गंमत अशी की इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी तेव्हा लोकांना जवळचा डॉक्टर शोधून देणारी वेबसाइट बनवत होते. स्वतः मात्र चार वर्षांत जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नावसुद्धा नोंदवलं नव्हतं. आपल्यातले बरेच जण असेच. पुण्याहून आणलेल्या गोळ्यांचा डबा घरात असतो, बाकीचं डिसेंबरच्या सुट्टीत 'आपल्या' डॉक्टरांना दाखवायचं असतं.

वेबसाइट पुढे वापरणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम. सप्टेंबरात लंडनच्या हाउन्सलो भागात सबनीस काकूंकडे गेले. त्यांनी आधी पोहे खायला लावले, मग रेकॉर्डर सुरू करू दिला. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, म्हणाल्या. मग डॉक्टर कसा शोधता, मी विचारलं.

"शोधायचा कशाला गं? डिसेंबरला पुण्याला जातेच आहे. तिथे दाखवीन."

"मीपण तेच करणार आहे, काकू," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

दोन आठवड्यांनी हेडफोन लावून ते बोलणं उतरवून घेताना माझाच आवाज ऐकला. केवढा खात्रीचा आवाज. मागे नेऊन पुन्हा ऐकला. त्याच दुपारी माझ्याच अर्धवट वेबसाइटवर पोस्टकोड घालून जीपी शोधला. काकूंना फोन करावा असं वाटलं होतं. पण मुलाखत घेणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, असा आमचा नियम. मी त्या नियमाआड लपले. त्यांचं वाक्य मात्र प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरांत टाकलं. सगळ्यांना आवडलं.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, कॅन्सर पसरला नव्हता. घरी आल्यावर पहिला फोन काकूंना केला. तो त्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलीने घेतला.

"मम गेली. नोव्हेंबरमध्ये. हार्ट अटॅक होता. पुण्याचा तिकीट पण बुक केला होता."

आज मी बरी आहे. सर्जनचे आणि नर्सेसचे उपकार आहेतच, पण मला डॉक्टरकडे धाडलं ते काकूंच्या त्या मुलाखतीने. त्यांना मात्र मीच थांबवलं. ही बोचणी जात नाही.

काम संपल्यावर रेकॉर्डिंग पुसायचं असतं. ते एक मी पुसलेलं नाही. काकूंचं वाक्य संपतं आणि माझं सुरू होतं, त्या दोन्हींच्या मध्ये क्षणभर शांतता आहे. काकू मी काय म्हणते याची वाट बघत होत्या. त्या जागी म्हणायला हवं होतं ते निदान तुम्हाला तरी म्हणते. डिसेंबर राहू दे. आजच दाखवा.