पोट मिटणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर रस्त्यात दिसले की माणसं नमस्कार करायच्या आधी खोकायची. ज्याचं पोट त्यांनी एकदा उघडलं, त्याची यातून सुटका नव्हती. भवानी पेठेच्या भर बाजारात ते एखाद्या विणकराला अडवायचे, सदऱ्यावरूनच त्याच्या पोटावर तळवा टेकवायचे आणि म्हणायचे, "खोका." वणाखाली काही फुगून आलं नाही, की "जा" म्हणून पुढे निघायचे. बायकांना ते बाजारात हात लावत नसत. "उद्या नर्सबाईंना दाखवून जा" एवढं दटावायचे. त्या नर्सबाई म्हणजे मी.

ऑपरेशनची जखम वरून भरते, कातडी जुळते, माणूस चालत घरी जातो. पण आतला थर उसवला, तर काही महिन्यांनी त्या जागी फुगवटा येतो आणि आतडं कातडीखाली उतरतं. हा टाक्यांमागून येणारा अंतर्गळ. त्या काळी पुष्कळ सर्जन त्याला रोग्याचं नशीब म्हणून सोडून देत. आमच्या डॉक्टरांना ते कधीच जमलं नाही.

स्वस्थ बसणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. चहा ते व्हरांड्यात फेऱ्या मारत प्यायचे, त्यातला निम्मा पाटलोणीवर सांडायचा. टांग्यात बसले आणि चढावर घोडा मंदावला, की खाली उतरून बरोबरीने चालायला लागायचे. टांगेवाला रसूलभाई वैतागून म्हणायचा, "साब, घोडा मेरा है, तुम कायकू चलते?" वॉर्डात ते एका खाटेशी बोलत असताना त्यांचे डोळे पुढच्या खाटेवर असायचे. त्यांच्याबरोबर राहून माझाही जीव सारखा टांगणीला लागल्यासारखा व्हायचा.

पोट मिटताना मात्र या माणसाला कसली म्हणून घाई नसे. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघायचे, बाहेर गिरणीचा भोंगा होऊन जायचा, आणि हे एकेक थर वेगळा धरून शिवत असायचे. गाठ आवळून बांधलेली त्यांना खपत नसे. "आवळलं की मांस मरतं, नर्सबाई. कडा एकमेकींना टेकल्या की पुरे." कोणी फारच चुळबुळ केली, तर मान वर न करता म्हणायचे, "पोट उघडायला सगळे शिकतात. मिटायचं कुणी शिकवत नाही."

याचं मूळ मला फार उशिरा कळलं. मी येण्याआधी मल्लय्या नावाच्या विणकराचं फुटलेलं अपेंडिक्स त्यांनी काढलं होतं. माणूस मरणाच्या दारातून परत आला, म्हणून पेठेत डॉक्टरांचं नाव झालं. मल्लय्या घरी गेला आणि लगेच मागावर बसला. पुढे वणावर फुगवटा आला. तो दाखवायला आला तेव्हा डॉक्टर गडबडीत होते. "पट्टा बांध" म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मग एक दिवस ते आतडं त्या फटीत अडकलं आणि काळं पडलं. त्याला आणेपर्यंत उशीर झाला होता. हे सांगताना डॉक्टर खिडकीचं दार उघडत-मिटत होते. "अपेंडिक्स देवानं दिलं होतं," ते म्हणाले. "अंतर्गळ मी दिला."

कुंभारी गावची गंगव्वा आली तेव्हा मला हे ठाऊक झालं होतं. तरणीताठी बाई, पोटात ही एवढी गाठ, आणि जोडीला छाती पिळवटणारा खोकला. डॉक्टरांनी सांगितलं, आधी खोकला जाईल, मग ऑपरेशन. खोकल्याच्या प्रत्येक उबळीला ताजे टाके ताणले जातात, म्हणून. नवरा शिवलिंगाप्पा तयार झाला, पण सासू भडकली. "गाठ पोटात हाय अन् डाक्टर छातीला औशिद देतंय! दुसरीकडं नेऊ की." डॉक्टरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. काढे, वाफारे सुरू झाले, मिसरी बंद. गाठ मोठी होत होती आणि खोकला हटत नव्हता. उशीर झाला तर दोष कुणाचा, या धास्तीने ते दिवसातून कितीदा तरी तिच्या छातीला नळी लावायचे.

अखेर खोकला थांबला. गाठ सुखरूप निघाली, जखम चिघळली नाही. गंगव्वा पोटाला पट्टा बांधून घरी गेली. जड उचलायचं नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

पण डॉक्टरांना चैन पडेना. एका रविवारी त्यांनी रसूलभाईला बोलावलं, मला टांग्यात बसवलं आणि आम्ही कुंभारीला गेलो. गंगव्वा दारापुढच्या विहिरीवरच सापडली. वाकून दोराने पाणी ओढत होती. डॉक्टरांनी तिथूनच आरडाओरडा सुरू केला. सासू कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"सुनंला देवाऱ्यात मांडून ठिऊ व्हय? पानी कोन वडनार? तुमी येनार?"

"तुम्ही ओढा!" डॉक्टर गरजले. "पोरगी मारायची आहे का तुम्हाला?" आणि आणखी बरंच काही बोलले, जे चार बायांसमोर बोलायला नको होतं.

मी गंगव्वाला घरात नेलं, आडवी केली, वणावर हात ठेवला. "खोक," म्हटलं. खालच्या टोकाला माझ्या बोटांखाली काहीतरी मऊ सरकून आलं.

बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "तुमचा टाका चांगलाच होता. तिनंच ऐकलं नाही."

"ती पाणी ओढणार, हे मला कळायला नको होतं?" ते म्हणाले. "खोकला बघितला मी. विहीर नाही बघितली."

त्यानंतर आमच्याकडे एक नवीच पद्धत सुरू झाली. ऑपरेशनच्या आधी घरचं माणूस समोर उभं करायचं, आणि घरी गेल्यावर पाणी कोण भरणार, दळण कोण दळणार, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. गंगव्वाला काही महिने पट्ट्यात सांभाळून डॉक्टरांनी तिचं पोट पुन्हा शिवलं. या वेळी सासूलाही त्यांनी वॉर्डात ठेवून घेतलं. दोघांचं बोलणं नव्हतं. ते खाटेपाशी आले की म्हातारी पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. पण गंगव्वाला उठवताना पाठीला हात तिचाच असायचा. तो टाका टिकला.

डॉक्टर पुढे फार जगले नाहीत. ऐन हिवाळ्यात, सकाळी दवाखान्यात यायला निघाले असताना, स्वतःच्या दारातच कोसळले. हृदय बंद पडलं होतं. दवाखाना चालू राहिला, नवे डॉक्टर आले, पण पोट मिटायची वेळ आली की माझं लक्ष उगाच दाराकडे जायचं.

हुरड्याच्या दिवसांत गंगव्वाची सासू वॉर्डात आली. डोक्यावर कणसांचं गाठोडं. "डाक्टर कुटं हाय?" मी सांगितलं. ती मटकन खाली बसली. बराच वेळ कणसांवरून हात फिरवत राहिली.

"लई शिव्या घातल्या मला," ती म्हणाली. "माज्या दारात, चार बायांम्होरं. सुनंसाटी सासूला शिव्या घालनारं मानूस म्या दुसरं बघितलं न्हाय."

मग डोळे पुसून ती उठली. कोपऱ्यातल्या खाटेवर आदल्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली एक पोर होती, आणि उशाशी तिची सासू. म्हातारी गाठोडं घेऊन सरळ त्या बाईपुढे जाऊन बसली आणि विचारलं, "तुज्या घरात पानी कोन भरतंय, सांग बगू."