तेलवाल्याचं औषध

नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास, देऊळगाव राजाला एस.टी.ची वाट बघताना समोरच्या दुकानदाराचे प्रताप मला रोज दिसायचे. या गृहस्थानं जन्मभर गोडं तेल विकलं होतं. पिकावर फवारायची औषधं नवी नवी आली, तसे त्यानं तेलाचे डबे मागे सारले. सवय मात्र तेलाचीच राहिली. डबा फोडला की थेंबभर औषध मनगटावर घ्यायचं, अंगठ्यानं चोळायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि जाहीर करायचं, "माल असली हाय!" चोळून चोळून मनगटाची कातडी सोलवटली, पण अकलेवरचा गंज काही निघाला नाही. डब्यावरचं कवटीचं चित्र तो भिंतीकडे फिरवून ठेवी. गिऱ्हाईक बिचकतं म्हणे.

एकदा दुसरबीडचा एक शेतकरी नाकाला दुपट्टा बांधून औषध घ्यायला आला.

"काऊन बे, नवरी हायेस काय? तोंड काऊन झाकून राह्यला?" दुकानदार खिदळला. "हे किड्याले मारते, मानसाले काई करत नाई. मी तं रोज चोळतो!" आणि डबा फोडून त्यानं थेंबभर औषध अंगठ्यानं मनगटावर चोळून दाखवलं.

बाकड्यावरची रिकामटेकडी मंडळी हसली. शेतकरी ओशाळला आणि त्यानं दुपट्टा सोडला.

तेवढ्यात चहा आला. फोडलेल्या डब्याच्या काठावरून एक माशी उडाली, गरगरली आणि दुकानदाराच्या कपात मरून पडली.

त्यानं चहा रस्त्यावर भिरकावला. "माशी पडेल च्या कोन पेते बे? मरायचं हाय काय मले?"

मग त्याच अंगठ्यानं कपाची कड नीट पुसून त्यानं दुसरा चहा ओतून घेतला.