तागावरचं पाणी

आमच्या आत्याचं आयुष्य दोर वळण्यात गेलं. नायलॉन आलं आणि तिचं गिऱ्हाईक आटलं, पण हातावर हात धरून बसेल ती आत्या कसली. मीच तिला आमच्या कारखान्यात लावलं. तिथे मोटारींच्या दारांची आतली पॅनेलं होतात. भट्टीत सुकवलेल्या तागाचे थर रचायचे, मध्ये प्लास्टिक घालायचं आणि गरम प्रेसखाली दाबायचं. वजनाला हलकं, ताकदीला चांगलं. आत्या थर रचायची. ताग कुठे विरळ आहे ते तिच्या बोटांना लगेच कळायचं, आणि ते ती चारचौघांना ऐकवायचीही.

दुसऱ्या महिन्यात पॅनेलांवर फोड यायला लागले. साहेबांनी प्रेसवाल्याला धरलं. याला उष्णता सांभाळता येत नाही, म्हणाले, सोमवारपासून येऊ नकोस. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चोर मला ठाऊक होता. मी तपासणीला असतो, फोड आलेली पॅनेलं कापून बघतो. बुधवारी आत्याला पाहिलं, तर ती पेल्यात बोटं बुडवून तागावर पाणी शिंपडत होती. दोर वळताना ताग ओलावतात, म्हणजे तो मऊ राहतो, तुटत नाही. चाळीस वर्षांची सवय. जित्याची खोड! मी गप्प बसलो. आत्या माझी होती, आणि प्रेसवाला तसाही तोंडाचा फटकळ, अशी मनाची समजूत घातली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत प्रेसवाला कपाट रिकामं करत होता. त्यानं केलं काय, असं आत्यानं मला विचारलं. फोड येतात, मी म्हटलं. कशानं येतात? तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. ताग ओला असला की प्रेसमध्ये त्याची वाफ होते, असं सांगून टाकलं.

ती उठली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग.

"पाणी मी मारत होते," ती म्हणाली. "त्याला कशाला घालवता?"

साहेब म्हणाले, आधी विचारायला हवं होतं. तिनं ते कबूल केलं. प्रेसवाला राहिला, आत्या गेली.

घरी जाताना तिची पिशवी माझ्याकडे होती. बराच वेळ ती साहेबांना नावं ठेवत होती. मग थांबली.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुढे चालायला लागली.