तोंडानं सांग

“हात लावू नको. तोंडानं सांग.”

सकाळचा क्लास चालू होता. सगळ्या बायका आपापल्या मॅटवर कमरेत वाकून उभ्या. पहिल्या ओळीत मधोमध वहिनीसाहेब. त्यांच्या पाठीला बाक आला होता, म्हणून मी रोजच्यासारखी दोन्ही खांद्यांच्या मधी तळहात ठेवायला गेले. बोटं जेमतेम टेकली, तोवर त्या झटकन सरळ झाल्या आणि हे बोलल्या. मोठ्यानं बोलल्या. गाणं चालू होतं तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

मला वाटलं, बाईला बरं नसंल. मी विचारलं, “पाठ दुखतीय का?” त्यांनी टॉवेल उचलला, हात मागं वळवला आणि माझी बोटं टेकली होती ती जागा पुसली. पुसून टॉवेल कोपऱ्यात फेकला. परत त्याला शिवल्या नाहीत.

शेजारच्या मॅटवरच्या डॉक्टरीणबाई गालातल्या गालात हसल्या. मी हात मागं घेतला आणि मोजायला लागले. पाच, सहा, सात, आठ. आवाज जरासुद्धा थरथरला नाही. त्याचाच मला आज जास्त राग येतो.

हे धाराशिवातलं. वहिनीसाहेब म्हणजे ज्या मंगल कार्यालयात माझा क्लास भरायचा, त्याच्या मालकीणबाई. नवरा कॉन्ट्रॅक्टर. लग्नाची तिथी नसली की खालचा हॉल सकाळी मोकळा पडलेला असायचा. तिथं मी बायकांना व्यायाम शिकवायचे. वकिलीणबाई, डॉक्टरीणबाई, सराफाची सून, कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका. मी समोर उभी राहायचे, माइक लावून बोलायचे, आणि ह्या सगळ्या माझ्या आवाजावर पाय उचलायच्या. उजवा म्हणलं की उजवा. थांबा म्हणलं की थांबा. आमच्या वस्तीतल्या कुठल्याच बाईच्या शब्दावर ह्या घरच्या बाया कधी उठल्या-बसल्या नव्हत्या. मला त्याचा लई तोरा होता. का नसावा?

आणि याच वहिनीसाहेब आधी कितीतरी महिने माझा हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवायच्या. “मॅडम, इथं जरा दाबा हो. तुमचा हात लागला की दिवसभर पाठ मोकळी राहते.” मॅडम म्हणायच्या. तुम्ही म्हणायच्या. मैत्रिणींना सांगायच्या, आमच्या मॅडमच्या हाताला गुण आहे.

मग त्या हाताला एका दिवसात काय झालं?

काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्याच कार्यालयात लग्न होतं. माझे आबा हलगी वाजवतात. नवरदेवाच्या वरातीपुढं वाजवून वाजवून दमले होते, गेटच्या बाहेर भिंतीला टेकून बसले होते. मी स्कूटीवर त्यांना न्यायला गेले. हलगी माझ्या गळ्यात अडकवली, आबा मागं बसले, तेवढ्यात वहिनीसाहेब पाहुण्यांना सोडायला गेटवर आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हलगीकडं बघितलं. मग आबांकडं. मी हसून म्हणलं, “वहिनीसाहेब, हे माझे वडील.”

चांगलं अभिमानानं म्हणलं होतं. आबांनी हात जोडले. त्या पाठ फिरवून आत गेल्या. हलगी कुणाच्या घरात असते हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी कळतं. जात विचारावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मॅडम संपली. “अगं ए” सुरू झालं. माझी मॅट बाकीच्या मॅटींच्या ढिगातून काढून जिन्याखाली केरसुण्यांपाशी ठेवली गेली. बाकीच्या बायका मनानं वाईट नव्हत्या, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. वाईटच होत्या. मी जवळ गेले की आपणहून सरळ व्हायच्या, जसं काय मी विस्तव घेऊन आलेय. मागच्या ओळीत एक शिक्षिका होती, ती एकदा हळूच म्हणाली, “मला चालतंय हो, पण वहिनीसाहेबांच्या समोर नको.” तिला वाटलं, तिनं माझ्यावर उपकार केले.

आता एक सांगते. हे काम तोंडानं होत नाही. ‘गुडघा बाहेर काढा’ असं मी शंभरदा म्हणू शकते, पण बाईला आपला गुडघा कुठं चाललाय ते दिसत नसतं. दोन बोटं गुडघ्याला लावली की तो बरोबर जागेवर येतो. बैठक मारताना वहिनीसाहेबांचे गुडघे आत पडायचे, सगळा भार चवड्यांवर यायचा. आधी मी हातानं ते नीट करायचे. आता दुरून ओरडायचे, “वहिनीसाहेब, भार टाचेवर घ्या.” त्या म्हणायच्या, “घेतलाय की.” कुठं घेतलाय! रोज तीच चूक, रोज जास्त वाकडी. मी तोंडानं सांगत राहिले. त्यांचाच हुकूम होता.

घरी आबांना सांगितलं. आबा चहा पीत होते. म्हणाले, “जाऊ दे पोरी. आपला हात आपल्यापाशी. त्या गेटवर मलाबी उभं राहायचं असतंय.”

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. आबांवर नाही, त्या गेटवर. आख्खं गाव ह्या माणसाच्या हातावर नाचतं, घाम गळेपर्यंत नाचतं. आणि त्याला पाणी देताना ग्लास खाली ठेवतात. माझ्या क्लासच्या गाण्यातसुद्धा हलगीच होती. ती कडाडली की वहिनीसाहेबांच्या अंगात यायचं. “आवाज वाढव गं!” म्हणायच्या. स्पीकरमधली हलगी कुणाच्या घरची आहे, हे दिसत नाही ना.

क्लास मी सोडला नाही. सोडून गेले असते तर चार दिवसांत दुसरी कुणीतरी माझ्या जागी उभी राहिली असती आणि टॉवेलची गोष्ट त्यांच्या चहाबरोबर संपून गेली असती. ती संपू द्यायची नव्हती मला. रात्री अंथरुणावर पडले की पाठीवर घासलेला तो टॉवेल दिसायचा. मी दात खाऊन पडून राहायचे.

नवरात्र आलं. वहिनीसाहेबांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं. कार्यालयात मोठा महिला मेळावा ठेवला. कार्यकर्ते, पुढारी, पुढाऱ्यांच्या बायका, गल्लीगल्लीतून आणलेल्या बाया. त्यात आमच्या क्लासचं प्रात्यक्षिक. सगळ्यांनी नऊवारी नेसायची आणि हलगीच्या ठेक्यावर व्यायाम करून दाखवायचा. कल्पना माझी, बसवलं मी. पुढं कोण उभं राहणार? वहिनीसाहेब.

“तू कोपऱ्यात थांब,” त्या म्हणाल्या. “पडद्याला लागून. माइक लाव आणि मोज. लोकांना दिसू नको.”

मी म्हणलं, “बरं.”

पाहुण्यांच्या स्वागताला गेटवर हलगी लावली होती. माझे आबाच. बाप बाहेर गेटवर, लेक आत पडद्यामागं. दोघांच्या जिवावर मेळावा.

सुरुवात झकास झाली. मी मोजत होते, बाया लयीत हलत होत्या, टाळ्या पडत होत्या. वहिनीसाहेब स्टेजवर पुढं मधोमध, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, प्रेक्षकांकडं बघून हसत. मग शेवटचा भाग आला. खोल बैठक मारायची, हात जोडायचे, तिथंच थांबायचं आणि आठव्या मोजणीला एकदम उभं राहायचं. सगळ्या बसल्या. मला तिथनंच दिसलं, वहिनीसाहेबांचे गुडघे आत, टाचा वर. आठ म्हणलं. सगळ्या उठल्या. त्या उठल्या नाहीत. उजव्या पोटरीत गोळा आला. तोंड वाकडं झालं आणि त्या बदकन मागं बसल्या. पाय पुढं, नऊवारी गुडघ्यापर्यंत, नथ गालावर.

गोळा आलाय, दुसरं काही नाही, हे मला लगेच कळलं. असले गोळे मी रोज उतरवते. बोटं लावली की क्षणात सुटतो. गाणं तेवढ्यात संपलं. वहिनीसाहेबांनी कोपऱ्याकडं बघितलं, थेट माझ्याकडं, आणि हात लांब केला.

“हात दे. अगं, हात दे ना!”

मी पडद्यापासनं निघाले. उजेडात आले. सगळ्यांना दिसले. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. तोंडापुढचा माइक चालूच होता.

म्हणलं, “वहिनीसाहेब, हात लावायचा नाही. तोंडानं सांगते.”

माझा आवाज आख्ख्या हॉलभर गेला. बाहेरच्या भोंग्यातनं रस्त्यावरबी गेला.

डॉक्टरीणबाई आणि सराफाची सून पुढं सरकल्या, उचलायला. मी माइकमधनं म्हणलं, “थांबा. कुणी हात लावू नका. त्यांना चालत नाही.”

आणि त्या थांबल्या! देवाशप्पथ सांगते, जागच्या जागी थांबल्या. एकीचा पाय तर अर्धा वर तसाच राहिला. इतके महिने माझ्या ‘थांबा’वर थांबायची सवय लागलेली. जात कळल्यावर हात नको झाला, पण कानाला लागलेली सवय कुठं जाते?

“डावा तळवा फरशीवर टेकवा,” मी म्हणलं. “टेकवा. आता उजवा पाय लांब करा. पायाची बोटं स्वतःकडं ओढा. श्वास सोडा. एक.”

“अगं बाई, दुखतंय गं!”

“दोन. श्वास रोखू नका. तीन.”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. मग हशा पिकला. गल्लीतनं टेम्पोत भरून आणलेल्या बाया होत्या त्या, पदर तोंडात कोंबून हसत होत्या. वहिनीसाहेब लाल झाल्या, मग पांढऱ्या. मी आवाज वाढवला नाही, घाईबी केली नाही. रोज क्लासमध्ये बोलायचे तसंच, गोड आवाजात. “कुशीवर वळा. आता दोन्ही हात टेका. गुडघ्यावर या. शाब्बास.” शाब्बास म्हणताना जे बरं वाटलं, ते मी कुणापासनं लपवणार नाही. लई बरं वाटलं.

त्या चार पायांवर आल्या, रांगत रांगत कडेच्या खुर्चीपर्यंत गेल्या आणि खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मी माइक काढून स्टेजवर ठेवला. जिन्याखालची मॅट काखेत मारली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

गेटवर आबा हलगी खाली ठेवून उभे होते. त्यांनी भोंग्यातनं सगळं ऐकलं होतं. तोंड उतरलेलं. म्हणाले, “काय केलंस गं हे? पडलेल्या माणसाला हात देत्यात. हात द्यायला पायजे व्हता.”

“आबा, तिनंच सांगितलंय हात लावू नको म्हणून.”

“आता ह्या गेटवर कोण उभं करील मला?”

“उभंच राहायचं न्हाय,” मी म्हणलं. “बसा गाडीवर.”

ते बराच वेळ बसले नाहीत. मग बसले.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं सांगितलं, येऊ नका. मी जाणारच नव्हते. त्या गेटवरची आबांची हलगीबी बंद झाली. कुणी म्हणलं, लेकीनं बापाच्या पोटावर पाय दिला. म्हणू दे. आता माझा क्लास आमच्या वस्तीत भरतो, समाजमंदिरापुढच्या पटांगणात. धुणीभांडी करणाऱ्या येतात, बाजारात भाजी विकणाऱ्या येतात. आधी आबा दारातनंच बघायचे, रुसून. मग एका सकाळी हलगी विस्तवावर शेकवून, कातडं ताणून आणली आणि मला न विचारता कडेला उभं राहून वाजवायला लागले. एक दिवस त्या हॉलमधल्या मागच्या ओळीतली ती शिक्षिका येऊन मॅट टाकून उभी राहिली. मी सगळ्यांच्या देखत तिच्या पाठीवर पंजा ठेवला आणि चांगला दाबला. ती जागची हलली नाही.

मन शांत झालं का, असं मला विचारू नका. नाही झालं. टॉवेल अजून दिसतो.

परवा वहिनीसाहेबांचा ड्रायव्हर आला होता. म्हणाला, बाईंची पाठ लई धरलीय, झोप नाही, डॉक्टरच्या औषधानं गुण येत नाही. “संध्याकाळी बंगल्यावर ये म्हणल्यात. मागच्या दारानं.”

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि निरोप दिला. बंगल्यावर येणार नाही. मागच्या दारानं तर मेले तरी नाही. त्यांनी सकाळी इथं यायचं, वस्तीत, पायी. पहिल्या ओळीत मधोमध त्यांची जागा मी मोकळी ठेवलीय, तिथं दुसऱ्या कुणाला उभी राहू देत नाही. त्यांनी तिथं उभं राहायचं. मी आबांना हलगी थांबवायला सांगीन. मग आबांच्या देखत, ह्या सगळ्या बायकांच्या देखत, त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, ‘मॅडम, हात लावा.’

मोठ्यानं म्हणायचं. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

तोवर माझे हात पाठीमागं.