दिव्यावरचा गणपती

मस्तगडचा आमचा मिस्त्री बॉनेट उघडलं की बोलायला लागतो, ते बंद होईपर्यंत थांबत नाही. माझी डिझेल पिकअप चढ ओढेना, तेव्हा जळका धूर परत इंजिनात नेणारी ईजीआरची वाट त्यानं पत्र्याची चकती लावून बंद केली. "आता बघा कशी पळती!" पळालीही. पण समोरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना.

"तो आता लागूनच राहील. बिलकुल भ्यायचं न्हाई," म्हणत त्यानं दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं.

उद्या खरंच काही बिघडलं तरी तोच दिवा लागणार, मग मला कळणार कसं? हे विचारलं की तो नुसता हसायचा.

परवा तीर्थपुरीला तो माझ्या शेजारी बसून आला. मागं कापूस वेचायला निघालेल्या आठ बाया होत्या. एवढा बोलका माणूस, पण वाटभर गप्प. नजर तापमानाच्या काट्यावर, कान इंजिनाकडं. उतरताना त्यानं गणपतीला बोट लावून ते छातीला लावलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई. संध्याकाळी बायांना घेऊन तुम्ही या. मी एसटीनं जातो."